याचा अर्थ काय हो?

टॅटू पाहून आता कोणी दचकत नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई, बँकेतले साहेब, शाळेतल्या बाई, कोणाच्याही बाहीखालून काही ना काही डोकावत असतं. लोक दचकत नाहीत, पण विचारतात मात्र हमखास, "याचा अर्थ काय हो?"

आणि उत्तर तयार असतं. हा आकडा म्हणजे लेकीची जन्मतारीख. ही नागमोडी रेघ आजोबांच्या ईसीजीतली. उडणारे पक्षी म्हणजे स्वातंत्र्य. पक्षी एक असो नाहीतर थवा, स्वातंत्र्यच. मला तर वाटतं, टॅटू सभ्य घरांत शिरला तो असल्या गोष्टींचं बोट धरून. खलाशांना, कैद्यांना त्याची कैफियत द्यावी लागत नसे. आपल्याला मात्र अंगावर नुसतं चित्र मिरवायचं म्हणजे कसंसंच होतं.

तसा बड्या घरांना हा नाद जुनाच. पुढे सातवा एडवर्ड म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या राजपुत्राने १८६२ मध्ये जेरुसलेमच्या यात्रेत हातावर क्रूस गोंदवून घेतला होता. पण राजपुत्रांची हौस सगळ्यांना थोडीच परवडते! काम सोपं केलं ते यंत्राने. एडिसनने १८७६ मध्ये विजेवर चालणाऱ्या लेखणीचं पेटंट घेतलं होतं. कागदाला बारीक भोकं पाडायची आणि त्यातून शाई फिरवून मजकुराच्या प्रती काढायच्या, एवढंच तिचं काम. त्याच धर्तीवर न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीने १८९१ मध्ये टॅटूच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. म्हणजे बंडखोरांचं हे लाडकं हत्यार मुळात कारकुनीतलं! पुढे त्याच न्यूयॉर्कने कावीळ पसरते म्हणून १९६१ मध्ये टॅटूवर बंदी घातली, ती थेट १९९७ मध्ये उठवली. आणि २०२३ मधल्या प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीत ३२ टक्के प्रौढ अमेरिकनांच्या अंगावर टॅटू निघाला. आता यात बंडखोर कोणाला म्हणायचं?

भाचीला टॅटू काढायचा होता, तेव्हा सोबत म्हणून मी गेले होते. काळे हातमोजे घातलेल्या मुलाने आधी तिच्या हातावर जांभळा छाप उठवला आणि तिला आरशासमोर उभं केलं. मग सुई घुंघुं करू लागली. मला वाटलं होतं, रेघ उमटताना दिसेल. कुठलं काय! दिसतो तो नुसता शाईचा काळा चिखल. तो मुलगा टिश्यूने पुसतो, तेव्हा कुठे खालून बोटभर रेघ वर येते आणि भोवतीची कातडी लालबुंद झालेली असते.

सुई जेमतेम एक-दोन मिलिमीटर आत जाते. शाई वरच्याच थरात राहिली तर कातडीबरोबर झडून जाते, फार खोल गेली तर फुटते. नेमक्या थरात पडली तरी शरीराच्या लेखी ती घुसखोरच. रोगजंतू खाणाऱ्या पेशी तिच्यावर तुटून पडतात, गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मेली की शाई बाहेर सांडते आणि शेजारची पेशी ती पुन्हा गिळते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांच्या कातडीत हे दाखवून दिलं. म्हणजे आपण ज्याला कायमची खूण म्हणतो, ते शरीराचं वर्षानुवर्षं चाललेलं अपचन. त्या पेशींना त्यात ना लेक दिसते, ना आजोबा.

आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ओत्झी नावाच्या माणसाच्या देहावर ६१ खुणा आहेत. साध्या रेघा आणि फुल्या. बऱ्याचशा कंबर, गुडघे, घोटे अशा दुखऱ्या जागी, म्हणून तो उपचार असावा असा अंदाज आहे. बिचाऱ्याला मेल्यावरही अर्थ चुकला नाही!

भाचीने नेच्याचं पान काढून घेतलं. "हेच का गं?" असं मीही विचारलंच. ती म्हणाली, "मावशी, छान दिसतं म्हणून!" इतकं सरळ उत्तर मी टॅटूवाल्यांकडून कधी ऐकलं नव्हतं. मला फार आवडलं ते. पण ते काही टिकलं नाही. खपली धरायच्या आत काकवा-माम्यांनी विचारून विचारून तिला भंडावून सोडलं. आता ती सांगते, ज्वालामुखीने सगळं जाळून टाकलं तरी त्या उजाड जमिनीवर आधी नेचे उगवतात, म्हणून हे पान. बायका गंभीरपणे माना डोलावतात. एका काकूंनी तर तसाच टॅटू काढून घ्यायचं ठरवलंय, अर्थासकट.