तुम्ही विचारलंत म्हणून: लहान मुलांच्या घरात कुत्रा कोणता आणावा?

"घरात दोन मुलं आहेत, एक आठ वर्षांची आणि एक चार वर्षांचा. त्यांच्यासाठी कुठल्या जातीचा कुत्रा चांगला?" दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी मला हे विचारतं. विचारणाऱ्याला एका शब्दाचं उत्तर हवं असतं: लॅब्राडोर, बीगल, गोल्डन. परवा ज्या ताईंनी फोन केला, त्यांच्याशी अर्धा तास बोलूनही मी जातीचं नाव घेतलं नाही. तेव्हा आता सगळं नीट लिहून काढते.

जात नंतर बघा. आधी तो समोर उभा असलेला एक कुत्रा बघा. मूल शेजारी असताना तो आपणहून जवळ येतो का? आणि नकोसं झालं की शांतपणे उठून बाजूला जातो का? या दोन गोष्टी ज्याच्यात आहेत तो मुलांचा कुत्रा, मग त्याचे आईवडील कुठल्याही जातीचे असोत.

आमच्या पहिल्या कुत्र्याच्या वेळी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मुलगी सहा वर्षांची होती. टोपलीतल्या पिल्लांपैकी एक धडपडत तिच्या मांडीवर चढलं आणि तेच आम्ही घरी आणलं. देणाऱ्याने सांगितलं होतं, आठ आठवड्यांचं आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं, तर दुधाचे दातसुद्धा पूर्ण आले नव्हते. पिल्लू जेमतेम पाच आठवड्यांचं होतं.

त्या तीन आठवड्यांनी काय फरक पडतो? खूप पडतो. पिल्लं आपसात मस्ती करतात तेव्हा एकाने जोरात चावा घेतला की दुसरं किंचाळतं आणि खेळ थांबतो. आई उठून निघून जाते. दातांना आवर घालायचं शिक्षण तिथे होतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेत पाच जातींच्या पिल्लांचा बरीच वर्षं अभ्यास केला आणि १९६५ साली तो प्रसिद्ध केला. कुत्र्याच्या आयुष्यात तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा एक काळ असतो. त्यात तो ज्यांच्या सहवासात येतो ते त्याला आपले वाटतात, हे त्यांच्या कामातून नीट पुढे आलं. आमच्या बिट्टूचा त्यातला भावंडांचा वाटा कुणीतरी काढून घेतला होता. तो रागीट नव्हता, पण किती जोर लावायचा हे त्याला कळत नव्हतं. मुलीचे दोन्ही हात ओरखड्यांनी भरले. महिनाभरात ती त्याला पाहून सोफ्यावर चढून बसायला लागली. कुत्रा जिच्यासाठी आणला तीच त्याला घाबरायची, याचं मला फार वाईट वाटायचं. ती भीती जायला वर्ष गेलं.

जातीला काही अर्थच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. त्या जातीला पिढ्यान्‌पिढ्या कोणतं काम लावलं होतं, ते जातीवरून कळतं. बॉर्डर कोली मेंढ्या वळवतो. अंगणात पोरं ओरडत पळाली की तो त्यांनाही वळवायला जातो, प्रसंगी टाचेला दात लावतो. बीगल सशाचा माग काढणारा. वास लागला की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही, म्हणून फाटक लावलेलं हवं. रिट्रीवर, म्हणजे लॅब्राडोर आणि गोल्डन, शिकार झालेला पक्षी न चिरडता तोंडातून आणून द्यायचे. गोल्डनची सुरुवातच स्कॉटलंडमध्ये १८६८ साली लॉर्ड ट्वीडमथ यांच्या पिवळ्या रिट्रीवरपासून आणि पाण्यात काम करणाऱ्या एका स्पॅनियल मादीपासून झाली. तोंडाने हलकी आणि माणसाबरोबर काम करायला उत्सुक, म्हणून ही मंडळी घरात रुळतात. पण तीस किलोचा वर्षाचा लॅब्राडोर आनंदाने धावत आला, तर चार वर्षांचं मूल आडवं होतं, हेही लक्षात घ्या.

तेव्हा जातीवरून त्याला व्यायाम किती लागेल आणि कशाने तो वेडा होईल, याचा अंदाज येतो. तुमच्या मुलाने कान ओढला तर तो काय करेल, हे त्यावरून सांगता येत नाही. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास आला. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ९ टक्केच जातीमुळे असतो, असं त्यात निघालं. मी तो वाचला तेव्हा बिट्टूच्या वेळी आपण नक्की काय पाहायला हवं होतं ते माझ्या ध्यानात आलं.

अजून एक समज खोडायला हवा. लहान मुलांना लहान कुत्रा बरा, असं पुष्कळांना वाटतं. इवल्या कुत्र्याचा पाय मांडीवरून पडूनही मोडतो. डॅक्सहुंडची लांब पाठ चुकीच्या तऱ्हेने उचलल्याने दुखावते. ज्याला सतत दुखण्याची भीती आहे, त्याचा संयम लवकर संपतो. त्यापेक्षा मध्यम बांध्याचा, धक्का सोसणारा कुत्रा घ्यावा.

आता चिंगीबद्दल. बिट्टू गेल्यावर आम्ही ठरवलं, या वेळी पिल्लू नको. पिल्लाचा स्वभाव अजून घडायचा असतो. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचा तुमच्यासमोर असतो. चिंगी तीन वर्षांची, मिश्र रक्ताची. तिच्या घरच्यांना परदेशी जायचं होतं. धाकटा मुलगाही तेव्हा तीन वर्षांचा. होकार देण्याआधी आम्ही तिला तीनदा भेटलो.

पहिल्या भेटीत मी मुलांना जमिनीवर तिच्याकडे पाठ वळवून बसवलं आणि हाक मारायची नाही असं बजावलं. पाच मिनिटं ती लांबूनच पाहत होती. मग आली, मुलीची कोपरं हुंगली, मुलाची मान हुंगली, आणि दोघांच्या मधोमध बसली. माझा अर्धा निर्णय तिथेच झाला. दुसऱ्या भेटीत मी मुद्दाम एक स्टीलचं भांडं पाडलं. ती दचकली, मागे सरली, आणि पाच-सात सेकंदांत परत येऊन ते भांडं हुंगू लागली. दचकणारच, किती लवकर सावरते ते पाहायचं होतं. मुलांच्या घरात दिवसाकाठी दहा भांडी पडतात.

तिसऱ्या भेटीत हाताची परीक्षा. मानेच्या बाजूला तीन सेकंद गोंजारायचं आणि हात काढून घ्यायचा. कुत्रा अंग घासत पुढे आला तर अजून हवंय. मान वळवली, ओठ चाटले, जांभई दिली किंवा आहे तिथेच ताठ झाला तर पुरे. चिंगी मुलीच्या हाताखाली पुन्हा पुन्हा येत होती. मुलाच्या धसमुसळेपणाला मात्र ती कंटाळली, उठली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडली. गुरगुरली नाही, दात दाखवले नाहीत. माझा उरलेला अर्धा निर्णय त्या उठून जाण्यावर झाला.

घरी आणल्यावर मीच एक चूक केली. तिचं अंथरूण वाटेत, दिवाणाच्या पायाशी घातलं. एका दुपारी ती झोपेत असताना मुलगा अंगावर पडून तिला मिठी मारायला गेला आणि ती गुरगुरली. माझ्या तोंडून "चिंगी!" असं खेकसणं निघालंच. डॉक्टरांनी नंतर समजावलं: गुरगुरणं ही सूचना आहे, त्यासाठी रागावलात तर सूचना बंद होईल आणि पुढच्या वेळी थेट दात लागतील. आम्ही अंथरूण कोपऱ्यात हलवलं. चिंगी तिथे असली की तिला कुणी हात लावायचा नाही, मोठ्यांनीसुद्धा नाही.

लहान मुलांना बहुतेक वेळा ओळखीचाच, पुष्कळदा घरातलाच कुत्रा चावतो, आणि जखम चेहऱ्यावर होते, कारण मूल तोंड त्याच्या तोंडाशी नेतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला कुत्र्याचे विचकलेले दात हसण्यासारखे वाटू शकतात. म्हणून या वयाचं मूल आणि कुत्रा, कितीही गुणी असला तरी, मोठ्या माणसाशिवाय एका खोलीत नकोत. फोनमध्ये डोकं घातलेला मोठा माणूस यात धरत नाही.

बाकीचं थोडक्यात. रेबीजची लस वयाच्या तिसऱ्या महिन्यापासून, पुढे डॉक्टर सांगतील तशी. जंतांचं औषध वेळच्या वेळी. कुणाचाही, अगदी घरच्या कुत्र्याचा दात लागला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टर गाठायचे. ॲलर्जी न देणारी जात म्हणून काही नसते. ॲलर्जी देणारी प्रथिनं लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतात, केस कमी गळले तरी ती असतातच. घरात कुणाला दमा असेल तर निवडलेल्या कुत्र्याबरोबर आधी काही तास काढून बघा. आणि मुलं कितीही शपथा घेवोत, सकाळी फिरवायचं काम तुमचं, दहा-बारा वर्षं.

तर ताई, तुमचा धाकटा "थांब" म्हटल्यावर हात मागे घेतो का, असं मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "अजून नाही घेत हो." मग वर्षभर थांबा. मोठीला रविवारी इकडे पाठवा, धाकट्यालाही आणा. चिंगी आता अकरा वर्षांची आहे, डाव्या कानाने कमी ऐकते, पण नवं मूल आलं की अजून उठून हुंगायला येते. तिला तीन सेकंद गोंजारायचं आणि हात काढायचा, एवढंच धाकट्याला सांगून ठेवा.