तळाशी दिसलेलं गोल काहीतरी

साइड स्कॅन सोनारच्या (आवाज सोडून समुद्रतळाचं चित्र काढणारं यंत्र) स्क्रीनसमोर सलग आठ तास बसल्याशिवाय कंटाळा म्हणजे काय ते कळत नाही. मी पोर्टच्या सर्व्हेत दोन वर्षं हेच केलं. बोटीच्या मागे केबलला बांधून 'फिश' पाण्यात सोडायचा (आमच्यात त्या सोनारला फिशच म्हणतात) आणि लॅपटॉपवर तळाचं ते तपकिरी चित्र सरकत राहतं ते बघायचं, गाळ, गाळ, मधेच कुणाच्या तरी नांगराने ओढलेली लांबलचक रेघ, परत गाळ. आमचे तांडेल काका येताजाता विचारायचे, "काय गो, पापलेट दिसतंय का तुझ्या टीव्हीत?"

हे सगळं आठवलं कारण घरच्या ग्रुपवर मामाने डीआरडीओच्या त्या पाण्याखालच्या छोट्या रोबोंची बातमी टाकली, त्यांच्याच विशाखापट्टणमच्या एनएसटीएल या प्रयोगशाळेने बनवलेले एयूव्ही (म्हणजे माणसाशिवाय आपले आपण फिरणारे), नोव्हेंबर २०२५ मधली. खाली मामाची कॉमेंट, "आता समुद्रातले सुरुंग हेच फोडणार!" मामा, फोडत नाही हो तो. तो शोधतो. फोडायला नंतर डायव्हर जातो नाहीतर स्फोटकं घेऊन जाणारं दुसरं यंत्र, आणि खरं तर फोडणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे.

या कामाचं माझं आवडतं उदाहरण इराकचं. मार्च २००३, उम्म कस्र बंदर. मदतीचं सामान घेऊन जहाज आत आणायचं होतं आणि वाटेत सुरुंग आहेत की नाहीत कुणालाच माहीत नाही. त्याच सुमारास इराकी टगबोटी पकडल्या होत्या ज्यांच्यावर सुरुंग लपवलेले सापडले, म्हणजे भीती काही हवेतली नव्हती. पाणी इतकं गढूळ की डायव्हरला काही दिसेना, त्यात भरती-ओहोटीची ओढ. तिथे अमेरिकन नौदलाने रेमस नावाचे एयूव्ही उतरवले. दीडेक मीटर लांब, चाळीस किलोच्या आतबाहेर, दोन माणसं उचलून रबरी बोटीत ठेवतील असे. गंमत म्हणजे हे यंत्र अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेच्या समुद्र-संशोधकांनी किनाऱ्याजवळच्या पाण्याचा अभ्यास करायला बनवलेलं. आणि सोबतीला शिकवलेले डॉल्फिन! २८ मार्चला ब्रिटिशांचं 'सर गॅलाहॅड' मदत घेऊन धक्क्याला लागलं.

एयूव्ही करतो काय, तर शेत नांगरल्यासारखा इकडून तिकडे, तिकडून इकडे, तळापासून जेमतेम काही मीटर वर राहून जातो. केबल नाही, वर बोट नाही. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, त्यामुळे बुडायच्या आधी जागा पक्की करून घ्यायची आणि मग तळावर आवाज सोडून आपण किती वेगाने कुठे सरकलो याचा हिशोब स्वतःच ठेवायचा. तो हिशोब चुकला तर सुरुंग दिसूनही उपयोग नाही, कारण उद्या त्याच जागी परत कुणालातरी जायचंय. सोनारच्या चित्रात वस्तूपेक्षा तिची सावली (तिच्या आडोशाला आवाज पोहोचत नाही तो काळा भाग) जास्त बोलते. दगडाची सावली वेडीवाकडी, माणसाने बनवलेल्या वस्तूची नीट कापल्यासारखी. अडचण इतकीच की ड्रम, टायर, सिलिंडर हे सगळं माणसानेच बनवलंय. हे नवे एयूव्ही म्हणे संशयास्पद वस्तू स्वतःच ओळखतात, डीप लर्निंग वगैरे. ओळखू देत बाबा, माझ्या डोळ्यांना तरी आराम.

आणि सुरुंगाला घाई नसते. पहिल्या महायुद्धात 'वोल्फ' नावाच्या जर्मन जहाजाने फेब्रुवारी १९१७ मध्ये मुंबईबाहेर सुरुंग टाकले आणि निघून गेलं. पी अँड ओ कंपनीचं 'मंगोलिया' त्यावर आदळून बुडालं ते जूनमध्ये. चार महिने! स्वस्ताईचं म्हणाल तर १९८८ मध्ये इराणच्या आखातात 'सॅम्युअल बी. रॉबर्ट्स' या अमेरिकन युद्धनौकेला जो सुरुंग लागला त्याचं डिझाइन १९०८ सालचं, किंमत साधारण दीड हजार डॉलर, आणि दुरुस्तीचा खर्च नऊ कोटी डॉलरच्या घरात.

आपल्याकडे शेवटचं सुरुंगशोधक जहाज, आयएनएस कोळिकोड, २०१९ मध्ये निवृत्त झालं. नवीन बारा जहाजं कोरियन कंपनीच्या मदतीने गोवा शिपयार्डला बनणार होती, ते वर्षानुवर्षं रखडून शेवटी २०१८ मध्ये बारगळलं. जुलै २०२५ मध्ये नव्या जहाजांना पहिली मंजुरी मिळालीय, पण मंजुरी आणि पाण्यातलं जहाज यात किती अंतर असतं ते आपल्याला ठाऊक आहेच. गोव्यात दोना पावलाच्या एनआयओ या समुद्रविज्ञान संस्थेने 'माया' नावाचा एयूव्ही कधीचाच बनवलेला, म्हणजे डोकी नव्हती असंही नाही.

तर, माझं 'टार्गेट', म्हणजे स्क्रीनवर दिसलेली संशयास्पद वस्तू. एका दुपारी चॅनलच्या, म्हणजे जहाजांच्या वाटेच्या, कडेला मस्त गोल काहीतरी दिसलं, मीटरभर, सावली एकदम स्वच्छ. मी ओरडलेच. दोन दिवसांनी डायव्हर उतरला, खाली अंधार, हाताने चाचपत बसला आणि वर येऊन म्हणाला, "ताई, ट्रकचा टायर आहे." टायर तिथेच राहिला, मी नकाशावर खूण करून टाकली. पुढच्या महिन्यात परत त्याच रेषेवरून बोट नेली तर खुणेपाशी काहीच नाही, आणि चाळीसेक मीटर पलीकडे मस्त गोल काहीतरी. डायव्हर परत उतरवावा लागला.