पेंढा भरलेला डॉज

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. संध्याकाळी १९६८ चा 'प्लॅनेट ऑफ द एप्स' परत बघितला आणि त्या म्युझियमच्या सीनलाच अडकून बसलेय. वानरांचं राज्य असलेल्या ग्रहावर उतरलेला अंतराळवीर टेलर पळता पळता त्यांच्या म्युझियममध्ये घुसतो, तिथे पेंढा भरून ठेवलेली माणसं, आणि त्यात त्याचाच सोबती डॉज. सगळे शेवटच्या सीनबद्दल बोलतात, मला मात्र हाच जास्त लागतो. ज्याने डॉजला भरला त्याने त्याला कधी बोलताना ऐकलेलंच नसणार ना, तिथली माणसं मुकी, म्हणून त्याने एक मुकं जनावरच उभं करून ठेवलं.

मग लंडनच्या हॉर्निमन म्युझियममधला वॉलरस आठवला. शंभराहून जास्त वर्षं तिथे आहे. भरणाऱ्यांनी जिवंत वॉलरस पाहिलेलाच नव्हता, कातडीला वळ्या असतात हे कुणाला ठाऊक, मग भरत गेले भरत गेले आणि तो झाला टम्म, एक सुरकुती नाही अंगावर. हे आपल्याच पृथ्वीवरच्या प्राण्याचं! मग परग्रहावरच्या कुणाच्या हाती आपलं नुसतं कातडं लागलं तर? गुडघा कुठल्या बाजूला वाकतो, हसताना गाल कुठे जातात, कातडं बघून काय कळणार त्यांना. मला मरणापेक्षा याचीच जास्त भीती वाटते, खरंच.

एच. जी. वेल्सची १८९४ ची एक कथा आहे, तिच्यातला टॅक्सिडर्मिस्ट, म्हणजे मेलेले प्राणी भरून ठेवणारा, तर दुसऱ्याच पक्ष्यांची पिसं लावून ग्रेट ऑक हा नामशेष समुद्रपक्षी बनवतो म्हणे. खरा ऑक १८४४ लाच संपला होता, खोटं पकडायला जिवंत पक्षी आणणार कुठून.

पण कातडं कधी कधी भरणाऱ्यापेक्षा जास्त सांभाळून ठेवतं. क्वागा, तो अर्ध्याच अंगावर पट्टे असलेला झेब्रा, शेवटचा १८८३ मध्ये मेला. पुढे शंभर वर्षांनी, १९८४ मध्ये, म्युझियममधल्या एका क्वागाच्या कातड्याला चिकटून राहिलेल्या वाळक्या मांसातून डीएनए मिळाला. नीट खरवडलं नव्हतं म्हणून मिळाला! नामशेष प्राण्याचा डीएनए वाचायची ती पहिलीच वेळ.

तेव्हापासून डोक्यात एकच, डॉजच्या कातड्याखालीही काही राहिलं असेल का, आणि पुढे एखाद्या वानराने ते तपासलं तर? पण डीएनए तर तिथल्या मुक्या माणसांसारखाच निघणार. तो बोलायचा हे त्यात कुठे सापडणार?