"हा त्याचा बाप नाहीये"

"मावशी, हा त्याचा बाप नाहीये." भाचीने टीव्ही थांबवला आणि माझ्याकडेच रोखून बघायला लागली.

'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेचा दुसराच भाग. निरोप घेताना नेड स्टार्क आपला अनौरस मुलगा म्हणवल्या जाणाऱ्या जॉन स्नोला म्हणतो, पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुझ्या आईबद्दल बोलू. बास, एवढ्यावरून!

मी चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला. "तू आत जा बरं," ती म्हणाली. "तुझ्याकडे बघितलं की सगळं कळतं."

मालिका ज्या पुस्तकांवर बेतलीय, त्यातलं पहिलं १९९६ चं. नेड हा जॉनचा बाप नाही, हा तर्क वाचकांनी पुढच्याच वर्षी मांडला होता. मालिकेने तो खरा ठरवला २०१६ मध्ये. मालिका करायची म्हणून भेटायला आलेल्या दोघांना लेखक मार्टिन यांनीच विचारलं होतं, जॉनची आई कोण? म्हणजे धागे मुद्दाम सोडलेले होते आणि शोधणाऱ्याला सापडत होते.

२०१९ चा शेवटचा सीझन मला म्हणूनच खटकतो. सिंहासनासाठी लढणारी डेनेरिस बिघडणार हेही अनेकांनी ओळखलं होतं, पण तिथवरचा रस्ता घाईत उरकला. मृतांच्या फौजेचा म्होरक्या नाइट किंग, त्याच्यावर तर लोकांनी तर्क लढवत रात्री जागवल्या, आणि तो एका सुऱ्यात संपला!

पाचवं पुस्तक आलं २०११ मध्ये. सहाव्याची वाट बघत अजून तर्क लढवणारं इथे कुणी आहे का?