कानातल्या बिया, काशाची वाटी आणि माझे साडेपाच किलो

मी बेळगावातल्या वडगावची. घरात खाली दोन पॉवरलूम, वर आम्ही राहतो. सकाळी सातला माग सुरू झाले की रात्री नऊपर्यंत खटखट खटखट, लाईट गेली तरच शांतता. मी खाली मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरत बसते, म्हणजे दिवसातले सहा-सात तास एका जागी. त्यात सासऱ्यांचं आजारपण, दीड वर्ष जागरणं, आणि त्या जागरणात रात्री अकराला उठून डब्यातला चिवडा नाहीतर दुपारचा उरलेला भात दह्यात कालवून खायची सवय लागली ती सासरे गेल्यावरही सुटली नाही. ४६व्या वर्षी काट्यावर ८१.४ किलो, उंची पाच फूट एक. थायरॉईडची गोळी आधीच चालू होती, आणि शुगरचा तीन महिन्यांचा रिपोर्ट ६.१ आला, म्हणजे डायबेटीस नाही पण उंबरठ्यावर.

शेजारच्या वैनींनी टिळकवाडीतल्या एका सेंटरचं नाव सांगितलं. ॲक्युप्रेशर आणि साऊंड थेरपीने वजन कमी, डाएट नको, व्यायाम नको. १५ सिटिंगचे सहा हजार. भिशी उचलली होती, त्यातले भरले.

भिंतीवर कानाचा मोठा चार्ट होता आणि त्यात एक बाळ उलटं काढलेलं, डोकं कानाच्या पाळीत, पाय वर. फ्रान्समधल्या पॉल नोजिए नावाच्या डॉक्टरनी १९५०च्या दशकात हा नकाशा मांडला असं तिथल्या बाईंनी सांगितलं. बाई गोकाककडच्या, घरी कन्नड, मराठी मोडकं पण बोलणं फार मऊ. त्यांनी चिमट्याने एकेक बी उचलून कानाला लावली. मोहरीपेक्षा जराशी मोठी, काळपट, वॅकारिया नावाच्या झाडाची, मागे कातडीच्या रंगाची चौकोनी टेप. एक कानाच्या भोकासमोर जो छोटा उंचवटा असतो तिथे, तो भुकेचा पॉइंट. दुसरी वरच्या त्रिकोणी खळग्यात, त्याला शेनमेन म्हणतात, मन शांत करायचा. जेवायच्या आधी आणि खाखा सुटली की मिनिटभर दाबायचं. "अक्का, दुखुलंय काय?" असं प्रत्येक बीला विचारायच्या. दुखायचं. थोडं दुखलं तर बरोबर जागा, जास्त दुखलं तर सोडायचं.

पायाचे पॉइंट पण शिकवले. गुडघ्याच्या वाटीखाली आपली चार बोटं मोजायची आणि नडगीच्या बाहेर एक बोट, तिथे अंगठ्याने दाबलं की आत गोड कळ जाते, तो पोटाचा, पचनाचा. आतल्या घोट्याच्या वर चार बोटं तो दुसरा, पण हा गरोदर बाईने दाबायचा नाही. मनगटाच्या आतून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या (स्नायूंच्या ताठ दोऱ्यांच्या) मधे, तो मळमळीचा. एसटीत उलटी होणाऱ्या माझ्या भाचीला मी तो शिकवलाय, तिला उपयोग होतो.

मग साऊंड. चटईवर उताणं झोपायचं आणि पोटावर काशाची मोठी वाटी ठेवून बाई तिला कापड गुंडाळलेल्या दांड्याने हळूच टोला द्यायच्या. आवाज कानाला लागायच्या आधी पोटाला लागतो. पाण्यात खडा टाकल्यावर लाटा जातात तशी थरथर बेंबीपासून कमरेपर्यंत जायची आणि मग बराच वेळ नुसता एक सूर, बारीक होत होत संपणारा. मला पहिल्याच दिवशी रडू आलं. पंचवीस वर्षं मी मागाच्या आवाजात राहिलेय, आवाज संपतो म्हणजे काय असतं हे विसरले होते. अर्धा तास कुणी हाक मारली नाही, कांडी संपली म्हणून कुणी ओरडलं नाही. त्या रात्री साडेदहाला झोपले ते सकाळी पाचला उठले, चिवड्याचा डबा आठवला पण नाही.

पहिल्या महिन्यात १.२ किलो उतरलं. मी सगळ्यांना सांगत सुटले.

पुढचं सांगताना मला अजून त्रास होतो. तिथले जे मुख्य होते ते म्हणाले, गोळी शरीर बिघडवते, पॉइंटनेच थायरॉईड ठीक होईल, बंद करा. आणि मी बंद केली. तीन आठवडे. तोंड सुजल्यासारखं, पाय जड, दिवसभर पेंग, थंडी वाजायची, पोट साफ नाही, आणि वजन दोन किलो वर. वर पावसाळा, वडगावात जून-जुलैत कपडे पण वाळत नाहीत, कानावरची टेप ओली राहून खालची कातडी सोलली आणि पू झाला. टेप तीन-चार दिवसांनी काढायची असते, मी आठ दिवस ठेवली कारण मुख्यांनी जास्त ठेवलं तर जास्त फायदा म्हणून सांगितलं. फॅमिली डॉक्टरांकडे गेले, थायरॉईडची रक्ततपासणी, टीएसएच, १४ आली, म्हणजे खूप वाढलेली. ते ओरडले नाहीत, नुसते बघत राहिले, ते जास्त लागलं. गोळी परत चालू, पहाटे उपाशीपोटी, नंतर अर्धा-पाऊण तास चहा नाही. उरलेल्या चार सिटिंगचे पैसे परत मिळाले नाहीत.

धाकटी पोरगी नर्सिंगला आहे, ती म्हणाली आई, वाटीच्या थरथरीने चरबी वितळत नाही, ती जाळावीच लागते, एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. कानाच्या पॉइंटवर अभ्यास झालेत पण बरेचसे छोटे, आणि फरक दिसला तो थोडा, त्यात पण अनेकांत खाणं कमी केलेलं होतं. एक गोष्ट तिने सांगितली ती मात्र डोक्यात बसली. अमेरिकेत वजन उतरवलेल्या लोकांचे दोन गट केले, एका गटाला एक ॲक्युप्रेशरची पद्धत शिकवली, दुसऱ्याला नुसतं एकत्र बसून एकमेकांना आधार द्यायला लावलं, २०१२ साली ते छापून आलं, आणि वजन टिकवण्यात दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मला ते पटलं. कारण मला तिथे काय मिळालं होतं, तर अर्धा तास शांत पडणं आणि एका बाईने मायेने विचारणं.

मग मी घरीच बसवलं. भात दोन्ही वेळचा होता तो दुपारी एक वाटी, रात्री जोंधळ्याची भाकरी आणि पालेभाजी, चहाबरोबरची खारी बंद. महिन्याला पाच लिटर तेल लागायचं ते साडेतीनवर आणलं, ह्यांनी पंधरा दिवस तोंड वाकडं केलं मग सवय झाली. पहाटे साडेपाचला वैनी, मी आणि पलीकडच्या मावशी येळ्ळूर रोडला चालत जातो, दोन्ही बाजूला भाताची शेतं, पाऊण तास. एक जण आली नाही तर बाकीच्या दारात जाऊन हाक मारतात, त्यामुळे झोपून राहता येत नाही.

आणि रात्रीचं संकट होतं त्यासाठी पॉइंट आणि आवाज ठेवले. पावणेअकराला डब्याकडे हात जायला लागला की बिया नाहीत, नुसत्या बोटाने कानाचा उंचवटा दोन मिनिटं, मग गुडघ्याखालचा. मग डोळे मिटून सात वेळा भ्रामरी, श्वास सोडताना म्म्म् जेवढा लांबेल तेवढा. श्वास सोडणं लांबलं की छातीतली धडधड बसते हे मला रोज कळतं. शेवटी सासूबाईंच्या काशाच्या वाटीचा आवाज. सासूबाई दर उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून त्या वाटीने चोळायच्या, वाटीखाली तूप काळं पडायचं, आम्ही म्हणायचो उष्णता निघाली. वाटी माळ्यावर पडून होती, चिंचेने घासून खाली आणली. हे सगळं होईपर्यंत वीस मिनिटं जातात आणि दहातल्या सात वेळा भूक गेलेली असते, म्हणजे ती भूक नव्हतीच. उरलेल्या तीन वेळा खरंच भूक असते, तेव्हा मूठभर फुटाणे नाहीतर ताक घेते, मनाला लावून घेत नाही.

आठ महिन्यांत ७५.९. कंबर १०२ सेंटीमीटरची ९५ झाली, शुगरचा रिपोर्ट ५.७. आपल्याकडच्या बाईची कंबर ८०च्या आत पाहिजे म्हणतात, म्हणजे अजून खूप बाकी आहे. गोळी डॉक्टर सांगतील तेवढीच.

त्या गोकाकच्या बाईंनी ते सेंटर सोडलंय. परवा कांदा मार्केटात भेटल्या, हातातली पिशवी खाली ठेवली, माझा पदर बाजूला करून कान उजेडाकडे वळवला आणि बोटाने चाचपून बघितलं, "अक्का, बरं झालंय की."