चाळीस मेशची जाळी आणि काकडी

कळमेश्वर तालुक्यातल्या एका काकांचा फोन आला. "फुलं भरमसाठ आहे भाऊ, पण काकडी धरूनच नाही राहिली. बोटाएवढी होते अन् पिवळी पडून गळते." कृषी केंद्रवाल्याने तोवर बोरॉन झालं, संजीवक झालं, एकामागून एक बाटल्या त्यांच्या गळ्यात मारल्या होत्या. मी नागपूरला मधमाश्या पाळतो, परागीभवनासाठी पेट्या भाड्याने देतो. मला फोन येतो तो औषधांचे पैसे संपल्यावर.

शेताच्या धुऱ्याला लागूनच संत्र्याची बाग. आंबिया बहर फुललेला, झाडांखाली माश्यांचा नुसता घुमारा. तिथून वीस पावलांवर काकांचं शेडनेट, आणि आत एकही माशी नाही. पांढरी माशी ही कीड शिरू नये म्हणून 40 मेशची, म्हणजे इंचाला 40 घरांची बारीक जाळी, दुहेरी दार, कुठे भोक नाही. काकांनी काम चोख केलं होतं. त्याच चोखपणामुळे मधमाशीही बाहेर राहिली होती.

बियाण्याचं पाकीट मागितलं. साधी जात, नर आणि मादी फुलं वेगळी येणारी. परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या जाती मिळतात, बंद जाळीत त्याच लावायच्या असतात. जाळी उभारताना मेश मोजणारे सगळे होते, आत बी कोणतं पडणार हे विचारणारा एक नव्हता. याचा मला मनापासून राग येतो.

खात्री करायला काही नर फुलं तोडून मादी फुलांवर फिरवली आणि देठांना लाल दोरा बांधला. मादी फुलामागे इवलीशी काकडी असतेच, चुकायचा प्रश्न नाही. हे फूल जेमतेम एक दिवस टिकतं. तेवढ्यात माशी आठ-दहा वेळा बसली तर बिया नीट भरतात, नाहीतर काकडी वाकडी होते किंवा एका टोकाला चिंबते. काकांनी पुढे फोटो पाठवला. दोऱ्याच्या काकड्या फुगल्या होत्या, शेजारच्या पिवळ्या पडल्या होत्या.

मग पेटी न्यायची ठरली, आणि खरं कौशल्य इथे लागतं. मेलीफेरा, म्हणजे पेटीत पाळतात त्या युरोपीय मधमाशीची कामकरी अंड्यापासून 21 दिवसांत बाहेर येते: 3 दिवस अंडं, साधारण 6 दिवस अळी, उरलेले मेणाच्या झाकणाखाली कोषात. त्यानंतरचे सुमारे तीन आठवडे ती घरातच राबते. घरं साफ करते, अळ्यांना भरवते, मेण बांधते, दारावर पहारा देते. फुलांवर जाते ती शेवटी. बाहेरचं रान पाहिलेली अशी म्हातारी माशी जाळीत सोडली की ती फुलांकडे बघतही नाही, छताला धडका घेत मरते. जी बाहेर उडालीच नाही, तिला मात्र जाळी हेच रान.

म्हणून मी भर दुपारी, फुलांवरच्या माश्या बाहेर असताना, राणीसकट पिल्लांच्या चौकटी छोट्या पेटीत घेतल्या. परतणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी जुन्या जागी दुसरी पेटी ठेवली. चौकटींत उघड्या अळ्या भरपूर घेतल्या, कारण अळ्यांना भरवायला पराग लागतो आणि त्या गरजेपोटीच माश्या फुलांवर जातात. काकडीत मध फारसा नाही, तेव्हा आत साखरेचा पाक आणि पाणी ठेवलं. फवारणी पूर्ण बंद.

तरी काही म्हाताऱ्या आल्याच. पहिले दोन दिवस छताच्या कोपऱ्यांत त्यांचा खच पडत होता. काकांनी विचारलं, "भाऊ, ह्या अशाच मरायच्या का?" मी हो म्हणालो. त्यानंतर कोवळ्या माश्या पेटीसमोर गिरक्या घेऊ लागल्या, मग पिवळ्या फुलांत दिसू लागल्या. काकडी सरळ धरली, कॉटन मार्केटला माल गेला.

पण मेलेल्या माश्या मला अजून अस्वस्थ करतात. पाकिटावरची एक ओळ कोणी वेळेवर वाचली असती तर ही पेटी जाळीत जायलाच नको होती. शिवाय बंद जाळीत वसाहत हळूहळू खचते, म्हणून ती जास्त दिवस तिथे ठेवणार नाही. पुढच्या पिकाला बिनपरागीभवनाचं बी घ्या, असं काकांना सांगितलंय. माझं भाडं बुडेल, बुडू दे. ते बी महाग आहे आणि काका अजून हिशेब करताहेत. विकत घेण्याआधी पाकिटाचा फोटो मला पाठवा, एवढं मात्र त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.