स्टोनवेअरशी तह: भोपळ्याच्या टार्टचा तळ अखेर खुसखुशीत

भोपळ्याच्या टार्टचा तळ अखेर खुसखुशीत झाला आहे; परंतु ज्या थाळीसाठी हा सगळा खटाटोप चालला होता, त्या थाळीत मात्र तो झालेला नाही. शरदातल्या मेजवानीसाठी मागच्या नोंदीत तीन गोष्टी ठरल्या होत्या: भोपळ्याचा टार्ट (कणकेच्या कवचात भोपळ्याचे अंडी घातलेले कस्टर्ड भरून भाजलेला गोड पदार्थ), राखाडी-हिरवट स्टोनवेअरची, म्हणजे जाड भाजक्या मातीची थाळी आणि मेणबत्त्यांच्या उजेडातले टेबल. त्यांपैकी पहिल्या दोघींचे एकमेकींशी जमणार नाही, हे आता पुरेशा पुराव्यानिशी सांगता येते.

आधी जे साधले ते सांगते. कस्टर्डला तडा जाण्याचा प्रश्न सुटला आहे. अंड्यातील प्रथिने प्रमाणाबाहेर तापली की आक्रसतात, धरून ठेवलेले पाणी सोडतात आणि थंड होताना कडेला घट्ट धरलेले कस्टर्ड मध्यभागी फाटते. त्यामुळे ‘मध्यभाग पूर्ण घट्ट होईपर्यंत भाजावे’ असे सांगणाऱ्या पाककृतींवर माझा कधीच विश्वास बसलेला नाही. या वेळी ओव्हन १६० अंश सेल्सिअसवर ठेवला आणि मध्यभागी खुपसलेल्या थर्मामीटरने ७८ अंश दाखवताच, म्हणजे कडा स्थिर झालेल्या व मधला भाग अजून थरथरत असताना, ओव्हन बंद करून दारात लाकडी चमचा अडकवून ठेवला. राहिलेली दोन-चार अंशांची वाटचाल आतल्या उष्णतेने आपोआप पूर्ण झाली. पृष्ठभाग इतका नितळ आला की थर्मामीटरचे छिद्र झाकण्यासाठी त्यावर पानाच्या आकाराचे बिस्किट ठेवताना जिवावर आले.

गराबाबतही समाधान आहे. भोपळ्यात सुमारे ९० टक्के पाणी असते आणि त्याचा बंदोबस्त आधी केला नाही तर ते नंतर तळाशीच जाऊन बसते. बटरनट जातीचा लांबट भोपळा उभा चिरून, कापलेली बाजू खाली ठेवून २०० अंशांवर भाजला आणि त्याचा गर रुंद पातेल्यात मंद आचेवर परतत ५०० ग्रॅमचा ३५० ग्रॅमपर्यंत आटवला. काढणीनंतर काही आठवडे ठेवलेल्या बटरनटमध्ये पिष्टाची साखर होत राहते, त्यामुळे तो ताज्यापेक्षा गोड लागतो. म्हणून ताजेपणाचा आग्रह इथे सोडलेलाच बरा. हॉक्काइडो जातीचा भोपळा मुळातच कोरडा व पिठूळ असल्याने त्याला इतके आटवावे लागत नाही. कोरीव कामासाठी वाढवलेले अजस्र भोपळे दाराशी शोभून दिसतात, परंतु त्यांचा गर पाणचट आणि रेषाळ असतो, तेव्हा ते तिथेच राहू द्यावेत.

आता तळाकडे वळते. थाळीची ओळख जुन्या वाचकांना आहेच: जुन्या वस्तूंमध्ये सापडलेली, जाड भिंतींची, नागमोडी कडेची आणि बुडाशी ‘अन्नासाठी व ओव्हनसाठी योग्य’ असा निर्मात्याचा ठसा असलेली. तो ठसा नसता तर मी तिच्यात काहीच शिजवले नसते, कारण अज्ञात झिलईच्या जुन्या भांड्यांतून आंबट पदार्थांत शिसे उतरू शकते आणि अशा भांड्यांची जागा फडताळावर शोभेसाठीच असते. या थाळीत भाजलेला टार्ट वरून दृष्ट लागण्याजोगा दिसतो. मात्र सुरी खाली गेली की तळ फिकट, लिबलिबीत आणि वर तुपकट निघतो, शिवाय कच्च्या मैद्याची चव जिभेवर रेंगाळते ती वेगळीच.

या सगळ्याच्या मुळाशी उष्णतेचा वेग आहे. ॲल्युमिनियम काचेच्या शंभरपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते आणि या बाबतीत स्टोनवेअर काचेच्याच गोटात मोडते. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते, तर मैद्यातील पिष्टाला पाणी शोषून फुगण्यासाठी ६० अंशांच्या आसपास पोहोचावे लागते. पातळ धातूच्या साच्यात कणीक हे अंतर झटकन पार करते. जाड स्टोनवेअरमध्ये मात्र ती मधल्याच टप्प्यावर अडकून पडते: लोणी वितळून वाहू लागलेले असते आणि आकार धरून ठेवणारे अजून काहीच तयार झालेले नसते. मग भिंती खाली घसरतात, लाटताना जपलेले लोण्याचे पदर नाहीसे होतात आणि तळ भाजला जाण्याऐवजी स्वतःच्याच लोण्यात मुरत राहतो. त्यावर कस्टर्ड ओतले की सुधारणेची संधीच संपते, कारण ओलावा आहे तोवर तळ १०० अंशांच्या फारसा वर जात नाही आणि खमंग तांबूस रंग देणारी प्रक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. म्हणजे जो रंग यायचा तो कस्टर्डच्या आधीच यायला हवा.

यावर सर्वमान्य उपाय म्हणजे खालच्या कप्प्यात बेकिंग स्टील, म्हणजे जाड पोलादी पत्रा, चांगले तापवून त्यावर फ्रिजमधून काढलेला साचा ठेवणे. आणि नेमका हाच उपाय स्टोनवेअरला चालत नाही. कणीक थंडगार हवी, स्टील तापलेले हवे, आणि या दोघांच्या मध्ये सापडलेली थाळी तापमानातील एवढ्या उडीने तडकू शकते. थाळी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी तर आतली कणीकही मऊ पडते. थाळी रिकामीच तापवून घ्यावी तर तिच्यात कणीक बसवताना लोणी बोटांखालीच वितळते. या कोंडीतून सरळ वाट निघत नसल्याने मी आडवाटा धुंडाळल्या.

पहिली आडवाट साखरेची होती. ब्लाइंड बेकिंगसाठी, म्हणजे कस्टर्ड भरण्याआधी कणकेचे कवच आत वजन ठेवून नुसतेच भाजण्यासाठी, कडधान्याऐवजी बेकिंग पेपरवर काठोकाठ साखर भरली आणि १७५ अंशांवर तासभर भाजले. साखरेचे बारीक दाणे कोपऱ्या-कोपऱ्यांत बसतात, त्यामुळे भिंती घसरण्याचे प्रमाण निश्चितपणे घटले. शिवाय ती साखर हलकी भाजली जाऊन तिला टॉफीच्या जवळ जाणारी चव येते आणि नंतर कोणत्याही केकमध्ये वापरता येते. केवळ या भाजक्या साखरेसाठीसुद्धा ही पद्धत पुढे चालू ठेवणार आहे. विकत मिळणारे चिनी मातीचे महागडे मणी आता कपाटाच्या मागच्या बाजूला गेले आहेत. भिंती सुधारल्या, पण तळाचा रंग जेमतेम पालटला.

त्यानंतर तळाला अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ हात देऊन तो पुन्हा काही मिनिटे ओव्हनमध्ये ठेवला, जेणेकरून कस्टर्ड आणि कणीक यांच्यामध्ये पडदा तयार व्हावा. कच्चे राहिलेले मात्र कोणत्याही पडद्याने भाजले जात नाही, एवढेच त्यातून स्पष्ट झाले. बदामाच्या पुडीचा थर ओलावा शोषतो खरा, परंतु टार्ट भोपळ्याचा आहे की बदामाचा, असा प्रश्न पडू लागतो. तळाला काट्याने टोचे मारण्याची शिफारस अनेक जण करतात. पातळ कस्टर्डसाठी मला ती घातक वाटते, कारण ते त्या भोकांतून खाली झिरपते आणि तळ खालूनही भिजतो. साखरेच्या वजनाखाली तळ फुगत नाही, त्यामुळे टोचण्याचे कारणही उरत नाही.

शेवटी संशयिताला वगळून पाहायचे ठरवले. तीच कणीक, तेवढ्याच जाडीची, तेवढाच वेळ थंड केलेली, परंतु या वेळी छिद्रांच्या स्टीलच्या रिंगमध्ये, खाली जाळीदार सिलिकॉन चटई आणि त्याखाली तापलेले बेकिंग स्टील. छिद्रांतून वाफ निघून जाते आणि कडेला कणीक थेट गरम हवेच्या संपर्कात येते. रिंग उचलली तेव्हा कडेवर छिद्रांची बारीक नक्षी उमटलेली होती, तळ एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गडद बदामी होता आणि बोटाने ठोकल्यावर टणक आवाज आला. कस्टर्ड भरून, भाजून, थंड करून कापल्यावरही त्या तळाने सुरीखाली स्पष्ट कडक आवाज केला. तो पहिला तुकडा मी उभ्यानेच संपवला. एक सूचना मात्र नोंदवून ठेवते: अशी जाळीदार चटई पातळ असेल तरच कामाची आहे. सिलिकॉनचे जाड, लवचीक साचे उष्णता अडवतात आणि टार्टच्या बाबतीत ते स्टोनवेअरपेक्षा एका पायरीनेही वर नाहीत, त्यांचे रंग कितीही मोहक असोत.

थाळीवरचा जीव मात्र सुटत नाही. हे लिहीत असतानाच एक कल्पना सुचली: कणकेची चकती दोन ॲल्युमिनियमच्या ट्रेंच्या मध्ये दाबून वेगळी भाजावी, गरम असतानाच थाळीच्या मापाने कापावी, तयार तळ म्हणून थाळीत ठेवावी आणि कडेला भिंतीऐवजी कणकेची भाजलेली पाने एकावर एक सरकवून रचावीत. चकती आणि थाळी यांच्यामधल्या फटीतून कस्टर्ड खाली जाईल, हा त्यातला उघड दोष. कस्टर्ड ओव्हनऐवजी गॅसवर शिजवून ओतले तर तो टळेल. पण मग त्यात कॉर्नफ्लोअर घालावे लागेल आणि ते जवळजवळ उकळीपर्यंत न्यावे लागेल, कारण अंड्याच्या बलकातील विकर पुरेशा उष्णतेने निष्क्रिय झाले नाही तर घट्ट झालेले मिश्रण नंतर पुन्हा पातळ होते. त्या पद्धतीचे कस्टर्ड चमच्याने खाण्याजोगे होते. ओव्हनमधल्या कस्टर्डचा रेशमी काप त्याला येत नाही. तेव्हा ही कल्पना तूर्त बाजूला ठेवते. भाजलेल्या पानांची कड मात्र रिंगमधल्या टार्टवर नक्की येणार.

याच विचारात थाळीचे खरे काम लक्षात आले: सफरचंदाचा क्रंबल, म्हणजे फळांच्या फोडींवर मैदा-लोणी-साखरेचा चुरा पसरून भाजलेला पदार्थ. त्याला तळच नसतो, त्यामुळे भिजण्याचा प्रश्न उद्भवत नाही, आणि टार्टच्या मुळावर उठलेला स्टोनवेअरचा संथपणा इथे गुण ठरतो, कारण एकदा तापलेली थाळी टेबलावर बराच वेळ उष्णता धरून ठेवते. तेव्हा बेत असा बदलला आहे: टार्ट रिंगमध्ये भाजून सपाट लाकडी पाटावर, आणि थाळीत गरम क्रंबल. दोन गोड पदार्थ जास्त होतील, हे मला मान्य नाही. टार्ट सकाळीच करून, थंड झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवता येतो आणि क्रंबल पाहुण्यांचे जेवण चालू असताना ओव्हनमध्ये राहतो, त्यामुळे ऐन वेळची धावपळही वाढत नाही.

क्रंबलसाठी सफरचंदांचा लगदा होऊ नये म्हणून फोडी आधी साखरेसह ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान अर्धा तास हळूहळू गरम करणार आहे. या तापमानाला फळातील एक विकर पेक्टिनची रचना अशी बदलते की पुढे जास्त उष्णतेतही फोडी आकार टिकवतात. ग्रॅनी स्मिथ यासाठी उत्तम. ब्रॅम्ले मात्र शिजताच विरघळते, म्हणून ते सॉससाठी राखून ठेवावे. दालचिनीबद्दल माझा एक जुना आग्रह पुन्हा नोंदवते. पाकिटावर नुसते ‘दालचिनी’ लिहून कॅसिया विकणाऱ्या पुरवठादारांकडून मी खरेदी थांबवली आहे. कॅसिया वाईट नसते. तिचा तिखटपणा क्रंबलच्या लोणी-साखरेत छान उठून दिसतो, पण कस्टर्डमध्ये ती जायफळाला दडपून टाकते. एकाच जाड सालीची गुंडाळी असेल तर ती कॅसिया आणि कागदाइतक्या पातळ अनेक पदरांची असेल तर ती सिलोन, एवढे पाहिले तरी पुरते. अखंड घ्यावी आणि घरीच दळावी.

टेबलाचे काम यंदा लवकर उरकले. पितळी मेणबत्तीदाण्यांची एक विजोड जोडी मिळाली आहे, एक उंच आणि एक बुटकी. त्यांना चकचकीत करण्याचा मोह आवरून काळपट झाक तशीच ठेवली, कारण मेणबत्तीच्या उजेडात तीच अधिक श्रीमंत दिसते. मेणबत्त्या मधमाश्यांच्या मेणाच्या आणि बाहेरून कोणताही सुगंध न घातलेल्या. जिथे जायफळ आणि भाजलेले लोणी दरवळायला हवे तिथे व्हॅनिलाच्या कृत्रिम वासाची मेणबत्ती लावणे हा पदार्थावर अन्यायच आहे. त्याच मेणाचा दुसरा उपयोग अधिक आनंदाचा ठरला: ते ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्यामुळे पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवून त्यात गळालेली रंगीत पाने बुडवून काढली. पानांतील हरितद्रव्य ओसरल्यावर उघडे पडलेले पिवळे आणि नव्याने तयार झालेले लाल रंग मेणाखाली कोरड्या पानापेक्षा बराच काळ टवटवीत राहतात. ती लिननच्या पट्टीवर विखुरली आहेत, अर्थात ज्योतींपासून हातभर लांब, कारण मेण लावलेले पान झटकन पेट घेते.

लिनन नवे असताना ताठ आणि चुरगळलेले दिसते म्हणून ते नाकारू नये. दर धुलाईनंतर ते मऊ पडते, आणि इस्त्रीपेक्षा ओलसर असतानाच हाताने ताणून वाळवले तर अधिक बरे दिसते. मॅट झिलईच्या ताटांबद्दल मात्र माझा उत्साह ओसरला आहे. त्यांवर सुरी-काट्याच्या करड्या रेघा उमटतात आणि त्या घासून काढण्यातच संध्याकाळ जाते. टार्टसाठी साधी पांढरी, चकचकीत ताटेच बाहेर काढणार आहे. भोपळ्याचा केशरी रंगही त्यांवरच अधिक खुलतो.

मेजवानीपूर्वी एवढेच पाहायचे राहिले आहे की, कणकेची भाजलेली पाने कस्टर्डच्या ओलाव्याने किती वेळात मऊ पडतात. तसे झाले तर ती टार्टसोबत ओव्हनमध्ये न घालता वाढण्याच्या अगदी आधी कडेवर रचावी लागतील, आणि त्यांना धरून ठेवण्यासाठी जॅमपेक्षा आटवलेले मॅपल सिरप वापरून पाहण्याचा विचार आहे. रिंगच्या कडेवर अशी सजावट टिकवलेल्या कोणाचा अनुभव असेल तर पानांची जाडी किती ठेवली, ते अवश्य कळवावे. माझी तीन मिलिमीटरची पाने देखणी आहेत, पण दात लागताच तुटण्याऐवजी टार्टवरून घसरतात.